झडीचा पाऊस आणि घराच्या भिंती

कोकणात घर बांधावयास निघालेला मनुष्य प्रथम छपराची चौकशी करतो. कौले घालावी, पत्रा घालावा की स्लॅब टाकावी, यावर घरात आणि गावात पुष्कळ चर्चा होते. भिंतीचा विचार मात्र बहुधा ती भिजू लागल्यानंतर होतो. पहिल्या पावसात पश्चिमेच्या भिंतीवर आतून ओलीचा नकाशा उमटतो, दुसऱ्या पावसात रंगाचे पोपडे सुटतात आणि तिसऱ्या वर्षी त्या खोलीतील अंथरुणे, धान्य आणि मुलांची पुस्तके यांची जागा बदलावी लागते. ओल्या भिंतीवर वाढणारी बुरशी दम्याच्या रुग्णास त्रासदायक असते, हे वेगळेच.

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बहुतेक ठिकाणी दोन हजार ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु भिंतीच्या दृष्टीने पाऊस किती पडतो यापेक्षा तो कसा पडतो याला अधिक महत्त्व आहे. येथील पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर स्वार होऊन तिरपा येतो. त्यालाच आपण झड म्हणतो.

झडीचे गणित

पावसाचा २ मिलिमीटर व्यासाचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. तेवढ्याच वेगाने, म्हणजे ताशी सुमारे २३ किलोमीटर वेगाने, वारा आडवा वाहत असेल तर थेंबाची वाट ४५ अंशांनी कलते. किनाऱ्यावर पावसाळ्यात हा वारा काही वादळी समजला जात नाही. आता छप्पर भिंतीबाहेर ७५ सेंटिमीटर आले आहे असे धरा. अशा झडीत ते भिंतीचा वरचा सुमारे ७५ सेंटिमीटरांचाच पट्टा झाकते. भिंत ३ मीटर उंच असेल तर खालचे सव्वादोन मीटर उघडेच राहतात. केवळ वळचण वाढवून कोकणातील पश्चिमेची भिंत कोरडी राहत नाही, ती यामुळे.

जुन्या घरबांधणीने हे गणित कागदावर मांडले नव्हते, पण ओळखले होते. पावसाच्या बाजूस पडवी काढलेली असे. पडवीचे उतरते छप्पर माणसाच्या डोक्याला लागेल इतके खाली आणलेले असे, त्यामुळे झड माजघराच्या भिंतीपर्यंत पोहोचतच नसे. जेथे पडवी नाही तेथे आगोटीच्या कामांत माडाच्या झावळ्यांची झापे विणून भिंतीपुढे बांधीत. दिवाळीच्या सुमारास ती सोडली की भिंतीला ऊन आणि वारा मिळे. आज त्यांच्या जागी निळे प्लॅस्टिक किंवा हिरवी जाळी दिसते. ती दिसावयास बरी नसली तरी कल्पना तीच आहे आणि ती चुकीची नाही. मात्र प्लॅस्टिक भिंतीला चिकटवून ताणले तर मागची ओल कोंडते. ते वळचणीपासून, भिंतीपासून हातभर दूर सोडावे.

चिरा आणि चुना

दक्षिण कोकण व गोव्यात भिंत म्हणजे प्रामुख्याने जांभा दगडाचा चिरा. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने केरळातील अंगडीपुरम येथे हा दगड पाहून १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीत मऊ असलेला हा दगड कापून हवेत ठेवला की कठीण होतो. म्हणून तो काढल्याबरोबर बांधकामात वापरू नये, काही महिने रचून ठेवावा, हा जुन्या गवंड्यांचा दंडक योग्यच होता. सध्या खाणीतून सुटलेला चिरा चार दिवसांत भिंतीत जाऊन बसतो.

चिरा सच्छिद्र आहे. तो पाणी पितो आणि ऊन-वारा मिळाल्यास सोडतोही. भारतीय मानक आयएस ३६२० नुसार बांधकामाच्या जांभा दगडाने आपल्या वजनाच्या १२ टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये. याची ढोबळ परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल. चिऱ्याचा तुकडा पूर्ण वाळवून तोलावा, २४ तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा तोलावा. १ किलोचा तुकडा १ किलो १२० ग्रॅमपेक्षा जड भरला तर तो माल पावसाकडील भिंतीस घेऊ नये.

उघडा चिरा सुंदर दिसतो, म्हणून हल्ली गिलावा न करता नुसत्या दरजा भरून सोडण्याची आवड वाढली आहे. या बाबतीत जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेचा अनुभव लक्षात घेण्यासारखा आहे. १५९४ ते १६०५ या काळात बांधलेल्या या चर्चच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. तो १९५०च्या दशकाच्या सुमारास, इमारतीला जुनाट रूप यावे म्हणून, उतरविण्यात आला. त्यानंतर उघड्या पडलेल्या चिऱ्याची पावसाने झीज होऊ लागली आणि गिलावा पुन्हा चढवावा अशी मागणी अलीकडच्या काळात झाली. तज्ज्ञांत मतभेद आहेत. तथापि, साडेतीन शतके दगडाला जपणारा तो चुन्याचा थर निव्वळ शोभेचा नव्हता, एवढे तरी यावरून उघड होते.

चुन्याच्या गिलाव्याचे मर्म असे की तो पाण्याला पूर्ण अडवीत नाही. तो थोडे पाणी घेतो आणि पाऊस उघडताच बाहेर टाकतो. सिमेंटचा गिलावा अधिक कठीण असतो, परंतु सिमेंट जास्त घातले म्हणजे भिंत अधिक सुरक्षित झाली ही समजूत बरोबर नाही. एकास तीन प्रमाणाचा गिलावा सुकताना आकसतो आणि त्याला केसासारख्या भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी आत ओढले जाते. बाहेर जाण्यास वाट नसल्याने ते घराच्या आत उतरते. चिऱ्यावर एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू हे मिश्रण पुष्कळ सुरक्षित. वाळू खाडीची असल्यास गोड्या पाण्याने धुऊनच घ्यावी, अन्यथा काही महिन्यांत भिंतीला लोणा लागतो. एकदा लोणा लागलेली भिंत कितीही रंगविली तरी मिठाचे स्फटिक रंगाला आतून ढकलून टाकतात.

आच्छादन केव्हा करावे

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घटकात किमान २५ चौरस मीटरचे घरकुल लाभार्थी स्वतः बांधतो. ठेकेदार नेमावयाचा नसतो. त्यामुळे वळचण किती काढावी, पडवी असावी की नसावी, हे ठरविताना त्याचे सल्लागार म्हणजे गवंडी, ग्रामपंचायत अधिकारी आणि शेजारी. पैसा पुरा पडत नाही म्हणून पहिली काट वळचणीवर आणि पडवीवर पडते. मग सपाट छताचे, चारही बाजूंनी उघडे असे चौकोनी घर उभे राहते. अनेक अंगणवाड्या आणि शाळाखोल्यांची गत वेगळी नाही. अशा तयार घराला पडवी जोडणे शक्य असेल तर प्रथम तीच जोडावी. ते शक्य नसेल तर पावसाकडील एकाच, फार तर दोन भिंतींना बाहेरून आच्छादन करणे हा दुसरा मार्ग. चारही भिंती झाकण्याचे कारण नाही. पूर्वेची भिंत परतीच्या पावसात भिजली तरी लवकर वाळते.

आच्छादनासाठी लाकडी फळ्या आता महाग आणि वाळवीमुळे बेभरवशाच्या. बांबूचे तट्टे स्वस्त आहेत. सिंधुदुर्गातील माणगा जातीचा बांबू भरीव आणि टिकाऊ समजला जातो. पण बोरॅक्स व बोरिक आम्लाची प्रक्रिया केलेला बांबूही उघड्या पावसात ठेवल्यास ते क्षार धुऊन जातात. म्हणून बांबू वळचणीखाली बरा, झडीच्या तोंडी नव्हे.

राहिले दोन पर्याय. एक, अ‍ॅस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचे सपाट तक्ते. घेताना त्यांच्यावर आयएस १४८६२ या मानकाचा उल्लेख पाहावा. ते गंजत नाहीत आणि त्यांना वाळवी लागत नाही, पण कापलेल्या कडा रंगवून बंद कराव्या लागतात. येथे एक सूचना आवश्यक आहे. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते काढून भिंतीसाठी कापण्याचा मोह टाळावा. त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते.

दुसरा पर्याय पन्हळी पत्र्याचा. पत्रा विकत घेताना केवळ जाडी विचारतात, जस्ताच्या लेपाची चौकशी कोणी करीत नाही. वास्तविक समुद्राकाठी आयुष्य ठरते ते लेपावर. हा लेप प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये, दोन्ही बाजू मिळून, मोजतात. १२० ग्रॅमचा आणि २७५ ग्रॅमचा पत्रा दुकानात सारखाच चकाकतो. खाऱ्या वाऱ्यात त्यांचे वय सारखे नसते. अ‍ॅल्युमिनियम व जस्त यांच्या मिश्र लेपाचा रंगीत पत्रा किनाऱ्यावर अधिक टिकतो. पत्रा ग्राइंडरने कापू नये, कारण उडणारे तप्त कण लेपात रुततात आणि तेथूनच गंज सुरू होतो. कात्रीने कापावा. स्क्रूही पत्र्याइतकेच चांगले हवेत. उत्तम पत्रा साध्या खिळ्यांनी ठोकला तर खिळ्याभोवतीचे भोक प्रथम सडते.

भिंत आणि पत्रा यांमधील जागा

आच्छादनाचे सारे यश एका गोष्टीवर अवलंबून आहे. ते भिंतीला चिकटून नसावे. आच्छादन कितीही काळजीपूर्वक बसविले तरी सांध्यांतून, स्क्रूच्या भोकांतून थोडे पाणी आत येणारच. मागे ३ ते ४ सेंटिमीटर मोकळी जागा असेल तर ते पाणी पत्र्याच्या पाठीवरून खाली उतरते आणि खालून वर जाणारी हवा भिंत वाळवीत राहते. ही जागा नसेल तर ओल कोंडून राहते आणि भिंत उघडी होती त्याहून वाईट स्थिती होते. उन्हाळ्यात हीच मोकळी हवा पश्चिमेच्या उन्हापासूनही भिंतीचे रक्षण करते, हा एक अनपेक्षित लाभ.

काम एप्रिल-मे महिन्यांत, भिंत पूर्ण वाळल्यावर करावे. छताची गळती आणि चौथऱ्यातून वर चढणारी ओल यांचा बंदोबस्त आधी झालेला असावा, कारण आच्छादनाने ती दुखणी झाकली जातील, बरी होणार नाहीत. जोते आजूबाजूच्या जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर उंच असणे चांगले. प्रथम भिंतीवर सुमारे ६० सेंटिमीटर अंतराने रिपा बसवाव्या. सपाट तक्त्यांसाठी रिपा उभ्या असाव्यात. पन्हळी पत्र्याला आडव्या रिपा लागतात; त्या सलग न ठेवता मध्ये मध्ये चार बोटांची फट सोडावी, म्हणजे हवा वर जाऊ शकते. चिरा ठिसूळ असल्याने त्यात थेट खिळा धरत नाही. भोक पाडून प्लॅस्टिकची गिट्टी बसवावी आणि लांब स्क्रूने रीप आवळावी.

पत्रे खालून वर बसवीत जावेत आणि वरच्याने खालच्यावर निदान १५ सेंटिमीटर चढावे. बाजूचे सांधे वाऱ्याकडे पाठ करून असावेत. त्यासाठी वारा ज्या टोकाकडून येतो त्याच्या विरुद्ध टोकापासून कामास आरंभ करावा. खालची कड जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर वर थांबवावी, म्हणजे अंगणातील उडालेले पाणी आत जाणार नाही. मोकळ्या जागेचे खालचे तोंड बंद करू नये. तेथे बारीक जाळी लावावी, कारण उंदीर आणि सर्प या दोघांनाही ही जागा आवडते. वर छताखालीही दोन बोटे फट असावी.

सर्वांत नाजूक जागा खिडकीची. खिडकीच्या डोक्यावर पत्र्याची दुमडलेली पट्टी बसवावी. तिची वरची कड आच्छादनाच्या मागे भिंतीला आवळलेली आणि खालची कड बाहेर पुढे आलेली असावी. ही पट्टी उलट बसविली तर सगळे पाणी चौकटीत शिरते. सिमेंटच्या छज्जाला खालच्या बाजूस, कडेपासून दोन बोटे आत, आडवी खाच ठेवावी. पाणी त्या खाचेशी तुटून खाली गळते, भिंतीकडे ओघळत नाही. बांधताना या खाचेला खर्च जवळजवळ नाही, तरी ती विसरली जाते.

वादळाचा विचार वेगळा करावा लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य घरांचे पत्रे उडाले. भिंतीवरच्या पत्र्यालाही वारा कोपऱ्यांशी आणि कडांशी सर्वाधिक ओढतो. तेथे स्क्रूंमधील अंतर मध्यभागापेक्षा निम्मे ठेवावे.

ग्रामपंचायतीने शाळाखोली किंवा अंगणवाडीचे अंदाजपत्रक करताना पश्चिमेच्या भिंतीसाठी पडवीची अथवा आच्छादनाची स्वतंत्र बाब दाखविणे इष्ट आहे. नुसते ‘बाह्य रंगकाम’ लिहिले की दर दोन वर्षांनी तोच खर्च पुन्हा करावा लागतो. काम झाल्यावर पाहणी पहिल्या झडीनंतर करावी, कोरड्या दिवसांत नव्हे. खालच्या जाळीतून पाणी ठिबकताना दिसले तर घाबरण्याचे कारण नाही, कारण मोकळी जागा आपले काम करीत असल्याचेच ते चिन्ह होय. आतल्या भिंतीवर ओल दिसल्यास मात्र प्रथम खिडकीवरची पट्टी तपासावी. पाऊस संपल्यावर जाळीत अडकलेला पाचोळा काढावा आणि वळचणीखालचा पत्र्याचा भाग गोड्या पाण्याने एकदा धुवावा. तेथे पावसाचे पाणी पोहोचत नाही, म्हणून वाऱ्याने आणलेले मीठ साचत राहते आणि गंज बहुधा तेथूनच सुरू होतो.