‘नेक्रोमन्सी’ : अर्थ, अर्थांतर आणि मराठी प्रतिशब्द

‘नेक्रोमन्सी’ या संज्ञेसाठी मराठीत भूतविद्या, प्रेतविद्या, चेटूक, काळी जादू असे अनेक प्रतिशब्द योजले जातात. ते समानार्थी नाहीत. तौलनिक अभ्यासात प्रतिशब्दाची निवड बदलली की तुलनेचा पायाही बदलतो. म्हणून या शब्दाचा इतिहास तपासणे आवश्यक ठरते.

मूळ ग्रीक शब्दाचे दोन घटक आहेत : ‘नेक्रोस’ म्हणजे मृत, प्रेत आणि ‘मांतेइआ’ म्हणजे भविष्यकथन. मृताला विचारून अज्ञात जाणून घेणे, एवढाच त्याचा मूलार्थ. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात ओडिसियस खड्डा खणून मध-दूध, मद्य व पाणी यांचे तर्पण करतो आणि बळी दिलेल्या मेंढ्यांचे रक्त त्यात सोडतो, ते प्राशन केल्यावर टायरेसियसचा आत्मा भविष्य सांगतो. येथे प्रेत उठत नाही, छाया येते. याउलट इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कवी लुकन याच्या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात एरिक्थो ही चेटकीण रणांगणावरील सैनिकाचे कलेवरच उठवून त्याच्याकडून भविष्य वदवते. साधन बदलले, तरी हेतू प्रश्न विचारण्याचाच आहे.

सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिडोरने या शब्दाची व्युत्पत्ती अचूक दिली होती. तथापि मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘निग्रोमांतिआ’ हे रूप रूढ झाले आणि त्याचा संबंध ‘नीगेर’, म्हणजे काळा, या शब्दाशी जोडला गेला. अरबी ग्रंथांच्या लॅटिन भाषांतरांत ‘सिह्र’, म्हणजे जादू, या शब्दासाठीही हेच रूप योजले गेले. अशा रीतीने शब्दातून ‘मृत’ हा घटक लोप पावला व ‘काळी विद्या’ हा व्यापक अर्थ आला. स्पॅनिशमधील ‘निग्रोमान्सिआ’ हे रूप त्या अर्थांतराची आजही साक्ष देते. म्हणजे ‘काळी जादू’ हा प्रतिशब्द मध्ययुगीन संहितांना बऱ्याच अंशी चालेल. होमर वा लुकन यांना नाही.

‘भूतविद्या’ हा शब्द त्याहून अधिक दिशाभूल करणारा आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद आपण शिकलेल्या विद्यांत तिची गणना करतो. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीही ती एक आहे. परंतु आयुर्वेदात तिचे प्रयोजन भूतबाधेचे शमन हे आहे. एका विद्येत मृताला बोलावले जाते, तर दुसरीत बाधा करणाऱ्याला घालवले जाते. ‘चेटूक’ व ‘करणी’ या शब्दांत तर मृताचा संबंध अनिवार्यही नाही.

भारतीय परंपरेतील खरा तुलनाविषय वेतालकथा हा होय. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त क्षान्तिशील हा भिक्षू त्रिविक्रमसेन राजाला श्मशानातील वृक्षावरून शव आणावयास सांगतो. मात्र त्या शवातून बोलतो तो मृत मनुष्य नव्हे, तर त्यात शिरलेला वेताल. शिवाय येथे प्रश्न विचारतो वेताल आणि उत्तरे देतो राजा. ग्रीक परंपरेत ज्ञान मृताकडे असते. येथे जिवंताच्या विवेकाची परीक्षा होते आणि अखेरीस वेतालच राजाला भिक्षूच्या कपटापासून सावध करतो. कोकण व गोमंतकात वेताळ हा ग्रामरक्षक देव म्हणून पूजिला जातो, ही गोष्टही येथे विसरता येणार नाही. वेतालकथेवर ‘नेक्रोमन्सी’ची मुद्रा उमटवली, तर हा फरक झाकला जातो आणि वेतालाला केवळ अमंगळ शक्तीचे रूप येते.

म्हणून ग्रीक-रोमन संहितांसाठी ‘मृतावाहन’ अथवा ‘प्रेतप्रश्न’, मध्ययुगीन ‘निग्रोमांतिआ’साठी ‘काळी विद्या’ आणि भारतीय संदर्भात ‘वेतालसाधन’ अशी भिन्न योजना करणे इष्ट होय. कोणत्याही संहितेत कोण बोलतो, कोण विचारतो आणि कशासाठी, हे तीन प्रश्न आधी सोडवले, तर योग्य प्रतिशब्दाची निवड सुकर होते.