पीसी सुरू करताच बीप-बीप? फॉरमॅट नको, आधी रॅम पाहा
पंखा फिरतोय, स्क्रीन काळी आणि कॅबिनेटमधून बीप-बीप? घाबरू नका. विंडोज उघडण्याआधी मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो, तिला 'पोस्ट' म्हणतात. रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड सापडलं नाही तर स्क्रीनवर काही दाखवता येत नाही, म्हणून तो आवाज करून सांगतो.

बीप मोजा. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोट्या बीप म्हणजे ग्राफिक्सचा दोष. एएमआय बायोसमध्ये तीन छोट्या म्हणजे मेमरीचा. कंपनीनुसार अर्थ बदलतो, त्यामुळे मदरबोर्डचं मॅन्युअल बघाच. एकच छोटी बीप येऊन पीसी नीट सुरू झाला, तर सगळं ठीक आहे.

घरच्या पीसीत बऱ्याचदा रॅम सैल झालेली असते किंवा धूळ बसलेली असते. प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. मग रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि क्लिप 'टक्' वाजेपर्यंत परत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा.

दुरुस्तीवाला 'फॉरमॅट मारावं लागेल' म्हणाला, तर थांबवा. गाडी विंडोजपर्यंत पोहोचलेलीच नाही. हार्ड डिस्कवरच्या फोटोंना हात लावायचं कारणच नाही.