विमानतळाचा सातबारा



जालन्याहून एस.टी.ने छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचे औरंगाबाद) जाताना बदनापूर, करमाड मागे पडले की शहराच्या अलीकडे चिकलठाणा लागते. आपल्या भागाचा विमानतळ तेथेच आहे. विमान उतरताना दिसले की गाडीतले लहान-थोर सगळे खिडकीकडे वळतात. विमान सगळे बघतात. पण ते ज्या जमिनीवर उतरते तिच्याकडे कोणी बघत नाही. खरे तर उतरताना वैमानिकाचे सगळे लक्ष त्या जमिनीकडेच असते. त्या जमिनीची सगळी माहिती त्याने आधीच वाचलेली असते. ही माहिती कोण लिहितो, तिच्यात काय असते आणि ती ताजी का ठेवावी लागते, ते या लेखात पाहू.

१) सातबारा म्हणजे काय, हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे

आपल्या शेताचा सातबारा असतो. त्यावर गट नंबर, क्षेत्र, जमीन कोणाच्या नावावर आहे, त्यात पीक कोणते, हे सगळे लिहिलेले असते. वाटणी झाली, जमीन विकली, कर्ज काढले, की फेरफार होतो आणि नोंद बदलते. बँकेत गेलो की साहेब काय म्हणतात? "जुना उतारा चालणार नाही, ताजा आणा."

विमानतळाचेही तसेच आहे. जगात लहान-मोठ्या मिळून चाळीस हजारांहून अधिक धावपट्ट्या आहेत असे मानतात. काही सिमेंटच्या, काही डांबरी, काही नुसत्या मातीच्या किंवा गवताच्या. इतक्या सगळ्या वैमानिकाच्या लक्षात कशा राहणार? बैलगाडीवाला किंवा मोटारवाला वाटेत थांबून विचारू शकतो, "दादा, हा रस्ता कुठं जातो?" विमान काही हवेत थांबवता येत नाही. म्हणून निघण्याआधीच वाचून घ्यायचे.

त्यासाठी प्रत्येक देश आपल्या विमानतळांचा एक माहितीग्रंथ काढतो. आपल्या देशात हे काम भारतीय विमानपत्तन प्राधिकरण करते. ते १ एप्रिल १९९५ रोजी स्थापन झाले. ग्रंथात काय लिहायचे आणि कोणत्या क्रमाने, हे जगभर सारखेच असते. १९४४ साली अमेरिकेतील शिकागो शहरात बऱ्याच देशांनी करार केला. त्यातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. तिचे मुख्य कार्यालय कॅनडातील माँट्रियल येथे आहे. तिच्या नियमांमुळे चिकलठाण्याचा उतारा जपानचा वैमानिकही वाचू शकतो.

२) उताऱ्यात काय काय असते?

आपल्या चिकलठाण्याचेच उदाहरण घेऊ.

खूण : प्रत्येक विमानतळाला चार अक्षरांची इंग्रजी खूण असते. चिकलठाण्याची खूण 'व्ही ए ए यू'. पहिले अक्षर 'व्ही' म्हणजे आपला भारत व शेजारचे काही देश. 'व्ही ए' म्हणजे भारताचा पश्चिम भाग. मुंबई 'व्ही ए बी बी', पुणे 'व्ही ए पी ओ', नांदेड 'व्ही ए एन डी'. तिकिटावर आणि सामानाच्या चिठ्ठीवर मात्र तीन अक्षरांची वेगळी खूण असते. मुंबईची 'बी ओ एम'. शहराचे नाव १९९५ साली बदलले, पण खुणेत बॉम्बे अजून तसेच आहे!

उंची : चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ५८२ मीटर उंच आहे. उंचावर हवा विरळ असते. उन्हाने तापली की आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो, म्हणून विमानाला जास्त लांब धावावे लागते. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे कसे ऊन असते ते सांगायला नको. चीनमधील दाओचेंग येथे ४,४११ मीटर उंचीवर विमानतळ आहे. प्रवासी विमानतळांत तो जगात सर्वांत उंच समजला जातो.

लांबी : चिकलठाण्याची धावपट्टी सुमारे २,८३५ मीटर लांब आहे, म्हणजे पावणेतीन किलोमीटरहून थोडी जास्त. एवढे अंतर पायी जायला आपल्याला अर्धा तास तरी लागेल.

सोयी : धावपट्टी डांबरी की सिमेंटची, तिला किती वजन पेलते, रात्रीचे दिवे आहेत का, इंधन मिळते का, आगीचा बंब केवढा आहे, विमानतळ किती वाजता उघडतो.

अडथळे : जवळ डोंगर, टॉवर, विजेच्या तारा, धुराडे काय आहे आणि किती उंच आहे.

स्थिती : सुरू, बंद, दुरुस्तीत, फक्त लष्करासाठी किंवा खाजगी.

३) धावपट्टीचा नंबर

धावपट्टीच्या दोन्ही टोकांना मोठे पांढरे आकडे रंगवलेले असतात. चिकलठाण्याला ते ०९ आणि २७ आहेत. हे अनुक्रमांक नाहीत बरं का! तो होकायंत्राचा कोन आहे. पूर्व म्हणजे ९० अंश. शेवटचे शून्य काढले की ०९. पश्चिम म्हणजे २७० अंश, म्हणून २७. ज्या टोकाकडून पूर्वेला तोंड करून धावायचे त्या टोकाला ०९ लिहितात. दोन आकड्यांत नेहमी १८ चा फरक असतो, कारण पाठ फिरवली की १८० अंश होतात.

विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडी उडते आणि वाऱ्याच्या तोंडीच उतरते. पतंग उडवताना आपणही वाऱ्याकडे तोंड करून पळतो, तसेच हे. वारा कोणीकडचा ते कळावे म्हणून मैदानात खांबावर सदऱ्याच्या बाहीसारखी कापडी पिशवी लावलेली असते.

४) उतरायचे एकीकडे, उतरले भलतीकडे

नोंद नीट पाहिली नाही, किंवा पाहिली तरी डोळ्यांनी घोळ केला, तर काय होते? याचे उदाहरण मुंबईतच घडले आहे, आणि तेही दोनदा.

मुंबईत जुहू येथे १९२८ साली विमानतळ झाला. तो भारतातला पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन स्वतः विमान चालवत जुहूलाच उतरले. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी साचे, तेव्हा ही टपाल-विमाने पुण्याहून चालवावी लागत. पुढे जवळच सांताक्रूझचा मोठा विमानतळ झाला आणि मोठी विमाने तेथे जाऊ लागली.

आता गंमत पाहा. दोन्ही विमानतळ अगदी शेजारी. आज जुहूच्या धावपट्टीचा आकडा ०८ आणि सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीचा ०९. म्हणजे दिशेत फक्त दहा अंशांच्या आसपास फरक. पण जुहूची धावपट्टी जेमतेम साडेअकराशे मीटर, आणि सांताक्रूझची तिच्या जवळजवळ तिप्पट!

१९५३ साली एका ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जातीचे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. ते बचावले आणि काही दिवसांनी तेथून उडवून नेले. पण २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपानचे डीसी-८ हे चार इंजिनांचे मोठे विमान तसेच चुकून जुहूला उतरले. धावपट्टी पुरली नाही. विमान टोकाच्या पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. नशिबाने कोणाचा जीव गेला नाही.

म्हणून उताऱ्यातला आकडा म्हणजे परीक्षेपुरते पाठ करायचे ज्ञान नव्हे. ०८ आणि ०९ यांतला फरक म्हणजे आख्खे विमान.

५) कापसाच्या गाठी आणि धावपट्टीचे टोक

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे, आणि ते दुःखाचे आहे. तारीख २६ एप्रिल १९९३. इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान चिकलठाण्याहून मुंबईला निघाले. विमानात ११८ माणसे होती. विमानाने उशिरा जमीन सोडली. त्या वेळी धावपट्टीच्या टोकाजवळून बीडचा रस्ता आडवा जात होता. रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाच्या चाकांची आणि डाव्या इंजिनाची त्याला धडक बसली. पुढे विमान विजेच्या उच्च दाबाच्या तारांना अडकले, खाली कोसळले आणि पेटले. ५५ जण मृत्युमुखी पडले.

चौकशीत दोन कारणे पुढे आली. वैमानिकांनी विमान उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरे, विमानाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक आवरली गेली नाही.

कापसाच्या गाठी भरलेला ट्रक आपण हंगामात रोज बघतो. त्यात धोका कोणाला दिसेल? पण तोच ट्रक धावपट्टीच्या टोकाशी आला की तो 'अडथळा' होतो. डोंगर आणि टॉवर एका जागी उभे असतात, ते कागदावर लिहिता येतात. ट्रक येतो आणि जातो, त्याच्यासाठी फाटक लागते, नाहीतर रस्ताच दूर न्यावा लागतो. धावपट्टी संपली म्हणजे विमानतळ संपला असे नाही. तिच्या टोकापलीकडे काय आहे, हेही तितकेच महत्त्वाचे.

६) नोंद शिळी होते, म्हणून फेरफार

विमानतळ जन्मतात, वाढतात आणि बंदही पडतात. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हापासून त्या शहराचा विमानतळ बेगमपेटला होता. मार्च २००८ मध्ये शमशाबादला नवा विमानतळ सुरू झाला आणि बेगमपेटची रोजची प्रवासी विमाने थांबली. जर्मनीत बर्लिन शहरातला टेंपलहोफ विमानतळ ऑक्टोबर २००८ मध्ये बंद झाला. आता त्याच्या धावपट्टीवर लोक फिरायला जातात, मुले सायकली चालवतात. जुहूला आता मुख्यतः हेलिकॉप्टर उतरतात. उलट शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला, आणि नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले.

कधी कधी तर जमीन तीच राहते आणि नंबर बदलतो. पृथ्वीचे चुंबकीय उत्तर टोक हळूहळू सरकते, त्यामुळे होकायंत्राचा कोन बदलतो. लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळाची धावपट्टी पूर्वी ०५/२३ होती. २००९ साली तिला ०४/२२ असे रंगवावे लागले. धावपट्टी मात्र एक वीतभरही हलली नव्हती!

म्हणून फेरफाराच्या तारखा जगभर ठरलेल्या आहेत. दर २८ दिवसांनी एक तारीख येते. मोठे बदल त्याच तारखांना अमलात येतात, आणि ते आधीच कळवलेले असतात. पण एखादी गोष्ट अचानक झाली तर? धावपट्टीला खड्डा पडला, दिवे गेले, शेजारी उंच क्रेन उभी राहिली, तर २८ दिवस वाट कोण पाहणार? त्यासाठी 'नोटॅम' नावाची तातडीची सूचना निघते. गावात पूर्वी दवंडी पिटायचे ना, "ऐका हो ऐका", तशीच ही वैमानिकांची दवंडी. कोणती धावपट्टी, काय झाले, केव्हापासून केव्हापर्यंत, एवढेच थोडक्यात सांगतात. उड्डाणापूर्वी ती वाचल्याशिवाय वैमानिकाने निघायचे नाही. धावपट्टी कायमची बंद झाली तर तिच्यावर मोठी फुली रंगवतात. वरून ती फुली दिसली की समजायचे, इथे उतरायचे नाही.

७) आपला काय संबंध?

आपण विमानात बसलो नाही तरी संबंध आहे. विमानतळाच्या आसपास कचरा, खरकटे, मेलेली जनावरे टाकली की घारी, गिधाडे जमतात. पक्षी इंजिनात शिरला तर इंजिन बंद पडू शकते. विमानतळाच्या परिसरात उंच इमारत किंवा टॉवर बांधायला परवानगी लागते. विनापरवाना ड्रोन उडवायचा नाही, विमानाकडे लेसरचा झोत मारायचा नाही. चिकलठाणा, करमाडकडे ज्यांचे नातेवाईक राहतात त्यांनी घरी हे जरूर सांगावे.

आणि दुसरी गोष्ट सगळ्यांसाठी. नोंद करणे हे कंटाळवाणे काम वाटते. हजेरीपट असो, सातबारा असो की विमानतळाचा उतारा असो, खरी माहिती, तारीख घालून, वेळच्या वेळी लिहिली तरच तिचा उपयोग. कोणीतरी कोठेतरी न पाहिलेल्या माणसाने लिहिलेल्या दोन आकड्यांवर विश्वास ठेवून वैमानिक ढगातून खाली येतो, आणि त्याच्या पाठीमागे शे-दीडशे माणसे निवांत बसलेली असतात.

सांगा पाहू!
(अ) धावपट्टीच्या एका टोकाला १४ लिहिले आहे. दुसऱ्या टोकाला काय असेल?
(आ) ३६ आकड्याच्या टोकाकडून धावणाऱ्या विमानाचे तोंड कोणत्या दिशेला असते?
(इ) आपल्या शाळेच्या मैदानाची लांबी पावलांनी मोजा. चिकलठाण्याची धावपट्टी त्याच्या किती पट आहे?

उत्तरे : (अ) ३२. (आ) उत्तर. (इ) ज्याने त्याने मोजून लिहावे आणि खाली तारीख घालावी!

– इयत्ता सातवी