कलम ६५-ब ची वाटचाल

भारतीय पुरावा कायदा १८७२ चा. संगणकातील नोंदींसाठी त्यात स्वतंत्र जागा झाली ती माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर, १७ ऑक्टोबर २००० रोजी. नव्या कलम ६५-ब नुसार मूळ संगणक न्यायालयात न आणता त्यातील मजकुराची छापील किंवा सीडीवरची प्रत पुरावा म्हणून चालणार होती. मात्र प्रत कशी काढली, कोणत्या यंत्रावर, हे सांगणारे जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र सोबत हवे होते. पुढची दोन दशके वाद पेटत राहिला तो या एका कागदावरून.

सुरुवातीला तो कागद कोणी फारसा मनावर घेतला नाही. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात मोबाइलच्या कॉल नोंदींना असे प्रमाणपत्र नव्हते. तरीही २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुय्यम पुराव्याच्या जुन्या कलमांच्या आधारे त्या ग्राह्य धरल्या. ही सवलत नऊ वर्षे टिकली. १८ सप्टेंबर २०१४ रोजी केरळमधील एका निवडणूक याचिकेत (अन्वर विरुद्ध बशीर) तीन न्यायाधीशांच्या पीठाने प्रचारगीतांच्या आणि भाषणांच्या सीडी प्रमाणपत्राअभावी बाजूला ठेवल्या आणि आधीचा निकालही मोडीत काढला. २०१८ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा सूट दिली. खालच्या न्यायालयांनी कोणाचे ऐकायचे?

हा गुंता सुटला तो जालन्यामुळे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतले गेले, असा पराभूत कैलास गोरंट्याल यांचा दावा होता. पुरावा होता निवडणूक कार्यालयातले चित्रीकरण. ते सरकारी, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक अधिकाऱ्याच्या उलटतपासणीतील उत्तरांवर भिस्त ठेवून २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला आणि नियमही पक्का केला: प्रतीला प्रमाणपत्र अनिवार्य, मूळ उपकरणच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात सादर केले तर गरज नाही, कोणी अडवणूक केली तर न्यायालयाकडून ते मागवून घ्यावे. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून २०१९ मध्ये गोरंट्याल निवडूनही आले होते.

न्यायवैद्यक प्रयोगशाळांची रीत मात्र या वादापेक्षा पुढे होती. जप्त केलेला संगणक नुसता सुरू केला तरी त्यातील अनेक फाइली बदलतात. म्हणून हार्ड डिस्क राइट ब्लॉकरला (तिच्यावर काही लिहू न देणाऱ्या उपकरणाला) जोडून तिची बिट-बिट प्रत घेतात आणि तपास त्या प्रतीवर करतात. डिलीट केलेली फाइलही त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत सापडू शकते. एसएसडीमध्ये ही शक्यता बरीच कमी. मूळ आणि प्रत यांची हॅश व्हॅल्यू, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ओळख-आकडा, जुळली की दोन्ही एकच. एक स्वल्पविराम बदलला तरी अख्खा आकडा बदलतो.

हे गणित कायद्याच्या नमुन्यात उतरले १ जुलै २०२४ रोजी, पुरावा कायद्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधून. प्रमाणपत्राचा पहिला भाग पक्षकाराने, दुसरा तज्ज्ञाने भरायचा आणि दोन्हींत हॅश नोंदवायची. हॅश काढण्याच्या पद्धतींच्या पर्यायांत एसएचए-२५६ बरोबर एमडी५ आणि एसएचए-१ हेही आहेत. दोन वेगळ्या फाइलींना मुद्दाम एकच हॅश देता येते, हे एमडी५ बाबत २००४ मध्ये आणि एसएचए-१ बाबत २०१७ मध्ये दाखवून दिलेले होते; नवा नमुना करताना ते दोन्ही वगळणे अवघड नव्हते.