पदविकेनंतरची वाट : ऑस्ट्रेलियातील आदिवासी आरोग्याचे शिक्षण

ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी आणि उर्वरित नागरिक यांच्या आयुर्मानातील दरी अद्याप बुजलेली नाही. २०२०-२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार ती पुरुषांत ८.८, तर स्त्रियांत ८.१ वर्षांची होती. त्याच समाजातून आरोग्यसेवक घडावेत, हा विचार सिडनीच्या रेडफर्न भागात १९७१ मध्ये आदिवासींनी सुरू केलेल्या वैद्यकीय सेवेमुळे बळावला.

असे अनेक सेवक प्रथम प्रमाणपत्र वा पदविका मिळवतात. पुढे पदवी घेताना त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागतेच असे नाही. राष्ट्रीय पात्रता आराखड्यानुसार, विषय जुळत असल्यास तीन वर्षांच्या पदवीत पदविकेला ३३ टक्के, तर प्रगत पदविकेला ५० टक्के श्रेयांक सवलत हा चर्चेचा पाया मानला जातो. अंतिम निर्णय विद्यापीठाचा असतो.

खरा अडसर असतो तो नोकरी आणि कुटुंब सोडून शहरात राहण्याचा. म्हणून काही अभ्यासक्रम 'ब्लॉक' पद्धतीने चालतात. विद्यार्थी ठरावीक दिवसच विद्यापीठात येतो आणि उर्वरित अभ्यास आपल्या गावी राहून करतो. चार्ल्स स्टर्ट विद्यापीठातील मूळ रहिवाशांसाठीचा मानसिक आरोग्याचा 'जिरुवांग' उपक्रम हे याचे ठळक उदाहरण.

मात्र एक भेद ध्यानात घ्यायला हवा. आदिवासी आरोग्य व्यावसायिक हे पदनाम वापरण्यासाठी २०१२ पासून राष्ट्रीय नोंदणी आवश्यक आहे. ती रुग्णसेवेच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षणावर मिळते. सार्वजनिक आरोग्याची पदवी त्याची जागा घेत नाही. पदवीमुळे नियोजन, संशोधन आणि धोरण यांची दारे खुली होतात. वस्तीत औषध देणारा सेवक योजना आखणाऱ्यांच्या बैठकीत बसू शकतो, यातच तिचे मोल आहे.