दुपारची खोली

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोची सहल ठरू लागली की मराठी घरांत एक वाक्य हमखास निघतं : खोली काय, नुसती झोपायलाच तर हवी. थीम पार्कच्या तिकिटांचा आकडा बघून छाती दडपलेली असते, विमानाचे पैसे आधीच गेलेले असतात, आणि काटकसरीला जागा उरते ती फक्त हॉटेलच्या रकान्यात. मग यादी भावानुसार लावायची, सगळ्यात वरच्या दोन-तीन नावांचे फोटो पाहायचे, पलंग स्वच्छ दिसला की पैसे भरून टाकायचे. स्वस्त हॉटेल घेण्याला माझा विरोध नाही. अशा सहलीत बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांनी स्वस्तच हॉटेल घ्यावं असं मला वाटतं. आक्षेप आहे तो ‘झोपायलाच तर हवी’ या कसोटीवर. थीम पार्कच्या सहलीत खोलीचा खरा उपयोग रात्री होत नाही, दुपारी होतो, आणि दुपारी जिथे परतता येत नाही ती खोली कितीही कमी भावात मिळाली तरी महाग पडते.

ही कसोटी आपल्याकडे आली कुठून, ते समजण्यासारखं आहे. आपला प्रवासाचा अनुभव तीर्थक्षेत्रांचा किंवा स्थळदर्शनाचा. शिर्डीच्या भक्तनिवासात सामान टाकायचं, आंघोळ करायची, दर्शनाच्या रांगेला लागायचं. दर्शन झालं की खोलीशी संबंध संपला. युरोपच्या ग्रुप टूरमध्ये बस दारातून उचलते, संध्याकाळी दारात सोडते, आणि दोन स्थळांच्या मधल्या प्रवासात डुलकी काढता येते. खोपोलीजवळच्या इमॅजिकालाही मुंबई-पुण्याची बहुतेक माणसं सकाळी जाऊन रात्री घरी येतात. एक दिवस कसाही निभावतो. ऑर्लँडोत मात्र तोच दिवस चार-पाचदा लागोपाठ काढायचा असतो, आणि तोही स्वतःच्या पायांवर. एकाच आवारात बारा तास, त्यातला मोठा भाग रांगेत उभं राहून, उरलेला चालून. तिसऱ्या दिवशी दमतात ती मुलंच असं नाही. त्यांना घेऊन आलेली माणसं एकमेकांवर खेकसू लागतात.

त्यात फ्लोरिडाची दुपार. अमेरिकेतल्या शाळांच्या सुट्टीवर अवलंबून असणारी कुटुंबं प्रामुख्याने जून ते ऑगस्टमध्ये जातात. तेव्हा तिथलं कमाल तापमान ३३ अंशांच्या आसपास असतं, दमटपणा कोकणातल्या मे महिन्यासारखा, आणि दुपार कलली की जवळपास रोज गडगडाटासह पाऊस. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड थांबवतात. त्या बंद झाल्या की माणसं छताखालच्या राइडकडे वळतात आणि तिथल्या रांगा फुगतात. साधारण सकाळी अकरा ते चार ही वेळ म्हणूनच सगळ्यात वाईट : गर्दी भरात, ऊन भरात, आणि वर पावसाची टांगती तलवार. पार्क उघडल्यापासूनचे पहिले दोन तास आणि सूर्यास्तानंतरचे तास हेच खरे मोलाचे. दिवस दोन पाळ्यांत करावा, मधली वेळ पडदे ओढून खोलीत घालवावी, हे तिथे वारंवार जाणारे सगळेच सांगतात. सल्ला बिनचूक आहे. तो पाळता येणं न येणं मात्र हॉटेल कुठे घेतलं यावर ठरतं.

इथे जमिनीचा इतिहास आड येतो. वॉल्ट डिस्नीने १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम इथे डिस्नीलँड उघडलं ते १६० एकरांवर. पार्क चालू लागताच भोवती मोटेलं आणि खानावळी उगवल्या, आणि पार्कमुळे आलेल्या गिऱ्हाइकांच्या पैशांचा मोठा वाटा कुंपणाबाहेर जाऊ लागला. ही चूक पुन्हा करायची नाही म्हणून फ्लोरिडात साठच्या दशकाच्या मध्यावर बनावट नावांच्या कंपन्यांमार्फत, गाजावाजा न करता, २७ हजार एकरांहून अधिक जमीन घेतली गेली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी तिथे मॅजिक किंगडम हे पार्क उघडलं तेव्हा त्याच्या शेजारची हॉटेलं डिस्नीच्याच जमिनीवर होती. बाकीच्या बहुतेकांना जागा मिळाली ती हद्दीबाहेर, किसिमीतून जाणाऱ्या १९२ क्रमांकाच्या हमरस्त्यावर. म्हणजे ऑर्लँडोतल्या स्वस्त हॉटेलचं अंतर हा भूगोलाचा योगायोग नाही. ते अंतर पैसे मोजून विकत घेतलेलं आहे.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात चांगला पुरावा जुन्या अनाहाइममध्येच सापडतो. तिथल्या हार्बर बूलेव्हार्डवर आजही साधी दुमजली मोटेलं आहेत. बाहेरच्या बाजूने जिना, खोलीचं दार थेट सज्जावर उघडणारं, खिडकीखाली भिंतीत बसवलेला घरघरणारा एसी, दोन मोठे पलंग, लहानसा फ्रीज, सकाळी पिठाचा घोळ ओतून आपणच भाजून घ्यायचे वॉफल. किसिमीच्या मोटेलातही नेमकं हेच मिळतं, चादरीच्या पोतापर्यंत. पण हार्बर बूलेव्हार्डवरून रस्ता ओलांडला की दहा-एक मिनिटांत पार्कच्या फाटकाशी. तिथल्या काही मोटेलांपासूनची वाट खुद्द डिस्नीलँड हॉटेलपासूनच्या वाटेपेक्षा जवळची आहे. त्या खोलीत दुपारी परतणं ही चैन नाही, सहज होणारी गोष्ट आहे. एकाच वकुबाच्या दोन खोल्यांची किंमत सहलीच्या हिशोबात निराळी होते ती केवळ चालत जाता येण्यामुळे.

ऑर्लँडोत हीच परतीची वाट कशी असते ते पायरीपायरीने पाहावं. गाडीने मॅजिक किंगडमला जाणारा प्रवासी मॅजिक किंगडमशी पोहोचतच नाही. तो पोहोचतो तळ्याच्या अलीकडच्या प्रचंड वाहनतळावर. तिथून ट्रॅम किंवा पायपीट, मग सुरक्षा तपासणी, मग मोनोरेल नाहीतर बोट, आणि तळं ओलांडल्यावर फाटक. गाडी थांबवल्यापासून आत पाऊल टाकेपर्यंत पाऊण तास सहज जातो. दुपारी खोलीवर जाऊन यायचं तर ही साखळी आणखी दोनदा, वर हमरस्त्यावरचे सिग्नल. ‘मोफत शटल’वर विसंबणाऱ्यांचं तर आणखी अवघड : ही शटल बहुधा अनेक हॉटेलांत मिळून एक, सकाळी एक-दोन फेऱ्या आणि रात्री एक-दोन. दुपारी फेरीच नसते. डिस्नीच्या स्वतःच्या स्वस्त हॉटेलांची बस मात्र तळ्याला वळसा घालून फाटकाजवळ उतरवते. जाहिरातीत हे ठळकपणे सांगत नाहीत. तिथे कार्टूनच्या तीनमजली मूर्ती दाखवतात.

हमरस्त्यावरच्या हॉटेलाचा स्वतःचा दिनक्रमही पाहुणा दुपारी नसणार हे धरूनच आखलेला असतो. अकराच्या सुमारास खोल्या सोडायची वेळ, तीन-चारला नव्या पाहुण्यांची. मधल्या वेळात सफाईच्या ढकलगाड्या सज्जाभर फिरतात, व्हॅक्युमचे आवाज, उघडी दारं, वाळत टाकलेली पायपुसणी. सफाई करणाऱ्या बाईच्या वाट्याला एका पाळीत डझनभराहून अधिक खोल्या असतात, त्यामुळे ‘जरा उशिरा या’ हे सांगणं तिच्या अंगावर येतं. काही ठिकाणी खोलीत हालचाल जाणवली नाही की एसी आपोआप मंदावतो. परतलेल्या माणसाला आधी तापलेली खोली मिळते. यात कोणाचा दोष नाही. कमी भावात नफा काढायचा तर वीज आणि माणसांचे तास वाचवावेच लागतात, आणि ते दुपारी वाचवणं सर्वांत सोपं.

आता आक्षेप. पहिला पैशांचा, आणि तो वजनदार आहे : खोलीत वाचलेल्या पैशांत पार्कचा आणखी एक दिवस येतो. अनेक दिवसांच्या तिकिटात दर दिवसाचा भाव उतरत जातो, त्यामुळे जादा दिवस खरोखर तुलनेने स्वस्त पडतो. पण वाचलेले पैसे किती, हे मांडून पाहावं लागतं. उदाहरणादाखल धरू की हमरस्त्यावरची खोली ८० डॉलरची आणि पार्कच्या हद्दीतली १८० ची. फरक शंभराचा दिसतो. ८० वर २० डॉलर ‘रिसॉर्ट फी’ धरा. किसिमी ज्या ऑसिओला काउंटीत आहे तिथे विक्रीकर आणि पर्यटनकर मिळून १३.५ टक्के, झाले ११३ डॉलर ५० सेंट. पार्कच्या वाहनतळाचे दिवसाला तीस डॉलर धरा, झाले १४३.५०. डिस्नीच्या स्वतःच्या हॉटेलांतल्या पाहुण्याला वाहनतळ फुकट, रिसॉर्ट फी नाही, आणि हॉटेल ऑरेंज काउंटीत असेल तर कर १२.५ टक्के; म्हणजे २०२.५०. शंभराचा फरक ५९ वर आला, आणि यात भाड्याची गाडी धरलेलीच नाही. मे २०२५ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने अशी सक्तीची शुल्कं जाहिरातीतल्या भावातच दाखवावी लागतात, त्यामुळे रिसॉर्ट फीची लपवाछपवी कमी झाली आहे. सरकारी कर मात्र वेगळे दाखवता येतात, आणि वाहनतळाचे पैसे तर हॉटेलाच्या पावतीवर येणारच नाहीत. उरलेल्या ५९ डॉलरांत चार माणसांची एक थंड दुपार आणि एक ताजी संध्याकाळ येत असेल, तर तो सौदा मला वाईट वाटत नाही.

दुसरा आक्षेप असा की हा सगळा युक्तिवाद शेवटी कंपनीच्याच पदरात माप टाकतो. त्यांच्या हद्दीत राहायचं, त्यांचंच खायचं. यात तथ्य आहे. डिस्नीने १९९४ साली ऑल-स्टार नावाची स्वस्त हॉटेलं काढली आणि पुढे पॉप सेंच्युरी, ती याच हिशोबाने : बाहेर जाणारं गिऱ्हाईक आत ठेवायचं. पॉप सेंच्युरीत २,८८० खोल्या आहेत, प्रत्येक सुमारे २६० चौरस फुटांची, दुसरा पलंग दिवसा भिंतीत दुमडून टेबल होणारा. बांधणीत ते मोटेलच आहे, रंग तेवढे भडक. खोलीत मायक्रोवेव्ह नाही, त्यामुळे आपल्या माणसांचा मेतकूट-भाताचा बेत फसतो. किसिमीच्या एखाद्या खोलीत छोटं स्वयंपाकघर मिळतं, आणि मोटेल गुजराती मालकाचं असेल तर, अमेरिकेत तशी पुष्कळ आहेत, जवळचं भारतीय किराणा दुकान कुठलं हेही काउंटरवर कळतं. पण माझा आग्रह हद्दीसाठी नाही, जवळिकीसाठी आहे. ऑर्लँडोतल्याच युनिव्हर्सलच्या पार्कसमोर मेजर बूलेव्हार्डवर दुसऱ्यांच्या मालकीची हॉटेलं आहेत, तिथून पंधरा-वीस मिनिटांत चालत जाता येतं. ती अनाहाइमच्या जातीची. तरुण मित्रांचा घोळका असेल, सकाळी आठ ते रात्री अकरा सलग उभं राहायची ताकद असेल, तर मात्र हमरस्त्यावरची खोली बेलाशक घ्यावी. त्यांना ती खरंच झोपायलाच हवी असते.

१९२ वरच्या भावांबद्दल आणखी एक गोष्ट नजरेआड करू नये. पार्कच्या हद्दीत आणि जवळपास हजारो खोल्या होत गेल्या तशी हमरस्त्यावरची जुनी मोटेलं मागे पडली, आणि २००८ च्या मंदीनंतर तिथे आठवड्याच्या भाड्याने कुटुंबं राहू लागली. घरभाड्यासाठी लागणारी अनामत त्यांच्याकडे नसते. पार्कमध्ये, हॉटेलांत, खानावळींत कमी पगारावर राबणारी माणसंही त्यात आहेत. शॉन बेकरचा ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’ हा २०१७ चा चित्रपट याच रस्त्यावरच्या एका जांभळ्या मोटेलात चित्रित झाला. नावही डिस्नीच्या त्या जमीनखरेदीच्या काळातल्या योजनेचंच. तेव्हा सगळ्यात स्वस्त भाव हा नेहमी काटकसरी मालकाचा असतो असं नाही; कधी तो पर्यटकांनी सोडून दिलेल्या रस्त्याचा असतो. कुणी राहतं म्हणून तिथे जाऊ नये असं मी म्हणणार नाही. फक्त त्या भावाची तुलना पार्कजवळच्या हॉटेलशी करताना आपण दोन वेगळ्या वस्तू तोलतो आहोत हे माहीत असावं.

आपल्याकडच्या सहलींत हा प्रश्न सगळ्यात टोकदार होतो तो आजी-आजोबांमुळे. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये असलेल्या मुलाकडे काही महिन्यांसाठी आलेले आई-वडील, मुलगा, सून, दोन नातवंडं : माणसं सहा, आणि अमेरिकन खोली बहुधा चौघांची. दोन मोठे पलंग आणि पालकांच्या खोलीत मुलं फुकट, हा साचा केमन्स विल्सनने १९५२ मध्ये मेम्फिसला पहिलं हॉलिडे इन काढलं तेव्हापासून चौकोनी कुटुंबासाठी रूढ झालेला. त्यात तीन पिढ्या बसत नाहीत. मग मुख्य पर्याय दोन. एक, हमरस्त्यावर शेजारशेजारच्या दोन खोल्या आणि एक मोठी गाडी. दुसरा, डिस्नीच्या ऑल-स्टार म्युझिक किंवा आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या हॉटेलांतली सहा जणांची, दोन न्हाणीघरांची खोली. पहिला जवळजवळ नेहमीच स्वस्त. पण तो घेण्याआधी दुपारी एक वाजता आजोबांना खोलीवर कोण आणून सोडणार, आणि तो माणूस मुलांपाशी परत किती वाजता पोहोचणार, एवढं कागदावर लिहून काढावं. बसची सोय असली तर आजी-आजोबा आपापले परतू शकतात. गाडी एकच असली की सहाही जण थांबतात किंवा सहाही जण निघतात, आणि बहुतेक वेळा थांबतात.