कॉलेज लहान चालेल, चौकशी मात्र मोठी हवी

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे गुण कळले की आपल्या वस्त्यांमधून एकच प्रश्न फिरू लागतो. पोराला, पोरीला इंजिनियर करायचे आहे. पण घालायचे कोणत्या कॉलेजात? नागपूरला की भंडाऱ्यालाच? बिडी वळणाऱ्या आईला, धानाच्या बांधीत राबणाऱ्या किंवा वरठीच्या कारखान्यात ठेकेदारीवर जाणाऱ्या बापाला हा प्रश्न सोपा नाही. घरात यापूर्वी त्या वाटेने कोणी गेलेले नसते. मग शेजारी सांगतो ते खरे वाटते, नाहीतर फोन करणारा एजंट सांगतो ते. मुलाच्या चार वर्षांचा आणि घरच्या पैशाचा निर्णय असा ऐकीव गोष्टीवर होऊ नये.

एके काळी निवड करण्यासारखे काही नव्हतेच. नागपूरचे विश्वेश्वरय्या कॉलेज १९६० साली निघाले, अमरावतीचे शासकीय कॉलेज १९६४ साली. तेथे नंबर लागला तर लागला. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि कॉलेजे जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. आज भंडाऱ्याजवळ शहापूरला मनोहरभाई पटेल यांच्या नावाचे इंजिनियरिंग कॉलेज आहे, साकोलीला शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि साठेक किलोमीटरवरच्या नागपुरात तर खाजगी कॉलेजांची रांगच आहे. तेव्हा आता अडचण कॉलेज नसण्याची नाही, ते पारखण्याची आहे.

लहान गावचे कॉलेज म्हणजे हलके कॉलेज, हा समज आधी काढून टाकावा. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढले, तेव्हा मराठवाडा शिक्षणात फार मागे होता. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले आणि खेड्यापाड्यांतली गरीब मुले तेथे शिकून मोठी झाली.

लहान कॉलेजाचे काही फायदे खरे आहेत. मुलगा घरचे जेवण जेवून जातो, खोलीभाडे वाचते. वर्गात मुले कमी असतील तर शिक्षक नावानिशी ओळखतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षाचे गणित आणि इंजिनियरिंग ड्रॉइंग इंग्रजीतून जड जाते. पुष्कळ मुले अडखळतात ती तेथेच. अशा वेळी जवळ बसवून समजावणारा शिक्षक मिळाला, तर मोठ्या नावाच्या कॉलेजापेक्षा तो अधिक मोलाचा.

पण लहानपणाआड दोषही लपतात. शिक्षकांच्या जागा रिकाम्या, प्रयोगशाळेला कुलूप, शाखेत मोजकीच मुले आणि कंपन्या फिरकतच नाहीत, असेही असू शकते. म्हणून कॉलेज उघडे असेल त्या दिवशी मुलाला घेऊन स्वतः जावे. ऑफिसात गोड बोलणारा माणूस भेटेलच. त्याच्यापाशी थांबू नये. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारावे : तुमच्या शाखेला कायम शिक्षक किती? प्रॅक्टिकल खरोखर होतात की नुसती वही भरून घेतात? पहिल्या वर्षी किती जण सर्व विषयांत पास झाले? मागच्या वर्षी नोकरी कोणाला लागली, कोठे आणि किती पगारावर? फलकावरचे फोटो पाहून समाधान मानू नये. कॉलेजला एआयसीटीईची मान्यता कोणत्या शाखांना आहे, हेही पाहावे. एनबीएचे मानांकन शाखेनुसार मिळते. एका शाखेला मिळाले म्हणजे सगळ्या कॉलेजला मिळाले, असे नव्हे.

आता पैशाची बाजू. खाजगी कॉलेजची फी शिक्षण शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देते. तो आकडा पाहूनच कॉलेजशी बोलावे. अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. शिष्यवृत्तीचा काही भाग थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो, त्यात कॉलेजची फीही असते. ती रक्कम घरखर्चात गेली तर पुढे परीक्षेच्या वेळी रडण्याची पाळी येते.

सर्वांत मोठा धोका येथेच आहे. प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधूनच घ्यावा. "कशाला फेऱ्यांची वाट पाहता, आजच सीट पक्की करा," असे सांगणारे बहुधा व्यवस्थापन कोट्यातली जागा विकत असतात. त्या जागेवर गेलेल्या मुलाला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. मग चार वर्षांची फी खिशातून, आणि त्यासाठी शेत नाहीतर आईचे डोरले. मूळ प्रमाणपत्रे तर कोणत्याही एजंटाच्या हाती देऊ नयेत.

कॅपचा पसंतीक्रमही विचारानेच भरावा. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की तेच पक्के धरले जाते, तेव्हा पहिले नाव सहज लिहिण्याचे नाही. जात वैधता प्रमाणपत्रासाठी मुलगा अकरावी-बारावीत असतानाच जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करावा. गुण असून कागदापायी जागा जाणे, यासारखे दुःख नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. मुलगा असला की नागपूर, मुलगी असली की "जवळचेच बरे", हा न्याय बरोबर नाही. तिला गुणांवर शासकीय कॉलेज मिळत असेल तर ते सोडू नये. मागासवर्गीय मुलींची शासकीय वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर बाहेरगावी शिकणाऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अटी पाहून दोन्हीकडे अर्ज करून ठेवावा.

ज्यांना चार वर्षांचा पल्ला लांब वाटतो, त्यांनी दहावीनंतरच्या डिप्लोमाचा विचार करावा. साकोलीसारख्या शासकीय तंत्रनिकेतनात खर्च कमी येतो आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्याची वाट खुली असते. मधल्या काळात अप्रेंटिसशिपही करता येते. वरठीचा सनफ्लॅग पोलाद कारखाना, जवाहरनगरची आयुध निर्माणी, तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आपल्याच जिल्ह्यात आहेत. तेथे काम करणाऱ्या आपल्या माणसांना विचारावे, कोणत्या शाखेच्या मुलांना घेतात. यंत्र, वीज, धातू यांचे काम जाणणाऱ्याला या जिल्ह्यात निदान दार ठोठावायला जागा आहे.

शेवटी, घरातल्यांनी एकत्र बसून कागदावर दोन-तीन कॉलेजांची नावे लिहावीत. प्रत्येकासमोर फी, जाण्यायेण्याचा खर्च, शिक्षक, प्रयोगशाळा आणि नोकरी लागलेली मुले यांची माहिती मांडावी. शाखा मुलाच्या आवडीची आहे का, हे त्याला बोलू द्यावे. विहारात एखाद्या रविवारी वस्तीतल्या शिकलेल्या मुलांना बोलावून हे सगळ्यांसमोर वाचले, तर एका घरची चौकशी दहा घरांच्या कामी येईल. आपल्या आजा-आजीला शाळेचे दार उघडे नव्हते. आज दारे पुष्कळ उघडी आहेत. आत शिरण्यापूर्वी नीट विचारपूस करणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि ते आपण केलेच पाहिजे.